संभाजीनगर ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर, हवेतले तास आणि घर ते घर लागणारा वेळ

पैठणगेट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आई-बाबांना जूनमध्ये संभाजीनगरहून बहिणीकडे पाठवायचं आहे. ती न्यूजर्सीत एडिसनला राहते. वडील ६८ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे. आई ६३ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास. तिकीट अजून काढलेलं नाही. बघायला बसलं की प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो, म्हणून नीट विचारतो.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर कुठे १२,५०० किमी दाखवतात, कुठे १३,०००, तर एका ठिकाणी १४,२०० आहे. खरं कोणतं? मुंबईहून रात्री १.३० ला सुटून त्याच दिवशी सकाळी ७.३० ला पोहोचणारं विमान दिसतं, म्हणजे प्रत्यक्ष बसायचं किती तास? येताना तोच प्रवास कमी वेळाचा का? नकाशावर अमेरिका पश्चिमेला दिसते, मग विमान उत्तरेला वर चढून का जातं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घराला कुलूप लावल्यापासून एडिसनच्या दारापर्यंत किती तास धरायचे? चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर काढलं तर चालतं का?

अक्षांश_रेखांश

अंतराचं मी सांगतो, वेळेचं आणि तिकिटाचं जाणकार सांगतीलच.

तुम्हाला दिसलेले तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते तीन वेगळ्या वाटांचे आहेत. १२,५०० च्या आसपासचा आकडा म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची सगळ्यात जवळची वाट. १४,२०० हा सपाट नकाशावर पट्टी ठेवून मारलेल्या सरळ रेषेचा आकडा. १३,००० हा बहुतेक दोहा किंवा दुबईत थांबून जाण्याचा.

स्वतः पडताळून बघायचं असेल तर अवघड नाही, दहावी-बारावीची त्रिकोणमिती पुरते. मुंबई विमानतळ साधारण १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७ गुणिले ०.६५१, म्हणजे ०.२१३. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार: ०.९४५ गुणिले ०.७५९, म्हणजे ०.७१७. रेखांशांमधलं अंतर १४६.६५ अंश, त्याचा कोसाइन उणे ०.८३५. याने ०.७१७ ला गुणलं की उणे ०.५९९ येतात. आता ०.२१३ मधून ०.५९९ वजा करा, उणे ०.३८६ राहतात. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणून गुणाकार सुमारे १२,५३२ किमी. पृथ्वी अगदी गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, तो हिशेब धरला की १०-१५ किमी वाढतात. तिकिटासाठी तेवढ्याने काही बिघडत नाही.

यात लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक पूर्व-पश्चिमेची. मुंबई पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क पश्चिम रेखांशावर, म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करायची. वजाबाकी केली तर फरक एक अंशाहून कमी येतो आणि न्यूयॉर्क मुंबईपासून २,४०० किमीवर असल्याचं उत्तर मिळतं. दुसरी चूक संगणकावर. तिथली कोष्टकं कोन अंशांत नाही, रेडियनमध्ये घेतात. अंशांना पाय (π, सुमारे ३.१४) या आकड्याने गुणून १८० ने भागल्याशिवाय सूत्रात घालू नका.

आता उत्तरेला का जातं ते. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. दोरा अरबी समुद्राकडे जातच नाही. तो पाकिस्तानात क्वेट्ट्याजवळून, तुर्कमेनिस्तानावरून, मॉस्कोच्या जरा उत्तरेने, हेलसिंकीजवळून, आइसलँडच्या रेक्याविकवरून, ग्रीनलँडचं दक्षिण टोक चाटून लॅब्राडॉर आणि मेन राज्यावरून न्यूयॉर्कला उतरतो. सगळ्यात वरचं टोक साधारण ६४.७ अंश उत्तर. सपाट नकाशावर उत्तरेकडचे प्रदेश ताणलेले दिसतात, म्हणून ही वाट वळसा वाटते. प्रत्यक्षात पट्टीची सरळ रेषाच जवळपास १,७०० किमी लांब पडते.

यातून आपल्या गावासाठी एक गोष्ट निघते. संभाजीनगर मुंबईपासून हवाई मार्गाने २८० किमी, पण न्यूयॉर्कपासूनचं संभाजीनगरचं अंतर मुंबईपेक्षा फक्त ४० किमीने जास्त आहे, १२,५७० च्या आसपास. वाट वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेली आहे, त्यामुळे पूर्वेला सरकल्याचा फारसा तोटा होत नाही. मुंबई गाठणं म्हणजे न्यूयॉर्कच्या दिशेने २८० किमी पुढे जाणं नव्हे, तो जवळजवळ आडवा प्रवास आहे. दिल्लीमार्गे बघा: संभाजीनगर-दिल्ली ९८०, दिल्ली-न्यूयॉर्क ११,७५५, एकूण १२,७४० च्या आत. मुंबईमार्गे २८० अधिक १२,५३२, म्हणजे १२,८१० च्या वर. कागदावर दिल्ली ७०-७५ किमीने जवळची.

कागदावर म्हणालो, कारण दोऱ्याची वाट विमानाला मिळतेच असं नाही. पाकिस्तानचं आकाश एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना बंद झालं आणि ती बंदी पुढे वाढत गेली. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. म्हणजे क्वेट्टा एकाला बंद, मॉस्को दुसऱ्याला. दिल्लीहून निघणाऱ्या भारतीय विमानाला आधी गुजरात, अरबी समुद्राकडे खाली उतरून मग पश्चिम धरावी लागते, त्यात दिल्लीचा फायदा संपतो आणि वर तोटा होतो. मुंबईच्या विमानाला हा फटका त्यामानाने कमी. इराण-इराककडचं आकाश तापलं तर मात्र मुंबईचीही वाट बदलते.

विमानवेळ

अंतराचा हिशेब फार छान मांडलाय वरती. वेळेचं आता.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात, त्या सरळ वजा करायच्या नाहीत. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. आपलं घड्याळ बदलत नाही, म्हणून त्या सुमाराला तिकीट असेल तर नवी वेळ पुन्हा तपासा.

तुमचं उदाहरण: १.३० ते ७.३० म्हणजे दिसायला सहा तास, त्यात साडेनऊ मिळवा, साडेपंधरा तास. परतीला वजा करा. न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला मुंबई, दिसायला साडेतेवीस, वजा साडेनऊ, चौदा तास.

हा दीड तासाचा फरक वाऱ्याचा. ९ ते १२ किमी उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो. ताशी १०० ते २०० किमी सहज, हिवाळ्यात त्याहूनही जास्त. मोठं विमान स्थिर हवेत ताशी ९०० किमीच्या आसपास चालतं. पूर्ण वाटेवर सरासरी ६० किमीचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ८४० होतो आणि १२,५३२ किमीला १४ तास ५५ मिनिटं लागतात. पाठीमागून सरासरी ५० चा मिळाला तर ९५० आणि १३ तास ११ मिनिटं. त्यावर दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, यांचा अर्धा-पाऊण तास. वळसा पडला की तो वेगळा. म्हणून सरळ विमानाला जाताना साडेपंधरा ते साडेसोळा, येताना चौदा ते पंधरा तास धरा. जूनमध्ये वारा हिवाळ्याइतका जोरात नसतो, त्यामुळे दोन दिशांतला फरकही कमी होतो.

एक लक्षात घ्या, तिकिटावरचा कालावधी म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा. त्यात कंपनी थोडी उशिराची सोय आधीच धरून ठेवते. त्यामुळे अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कधी वेळेवर पोहोचतं. त्या भरवशावर पुढची गाडी घट्ट वेळेत ठरवू नका.

थांबून जायचे पर्याय किलोमीटरमध्ये असे. मुंबई-लंडन ७,२०० अधिक लंडन-न्यूयॉर्क ५,५४०, मिळून १२,७४०, म्हणजे सरळ वाटेपेक्षा फक्त २०० जास्त. इस्तंबूलमार्गे १२,८८० च्या आसपास. दुबईमार्गे १२,९४०. दोहामार्गे २,३०० अधिक १०,७७०, मिळून १३,०७०. पाचशे किलोमीटर जास्त म्हणजे हवेत जेमतेम ३५-४० मिनिटं. एकदा जास्तीचं उतरणं-चढणं आणि मधला थांबा यांत किलोमीटरपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. दोहाचं बघा: पावणेचार तास, तीन तास थांबा, पुढे चौदा तास, एकूण पावणेएकवीस. लंडनचं: दहा तास, तीन तास थांबा, आठ तास, एकूण एकवीस. जवळजवळ सारखंच. फरक तुकड्यांचा आहे. लंडनमार्गे प्रवास बऱ्यापैकी मधोमध तुटतो, आखातातून दुसरा तुकडा चौदा तासांचा राहतोच. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मी लंडन, फ्रँकफर्टसारखा मधला थांबा बरा म्हणेन, फक्त तिथले मार्गस्थ प्रवाशांचे व्हिसा नियम तिकिटाच्या आधी बघायचे. ब्रिटनमध्ये वैध अमेरिकी व्हिसा असलेल्यांना सूट असते, पण नियम बदलत राहतात, म्हणून ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच खात्री करा.

जालनारोड

पैठणगेट, तुम्ही चिकलठाण्याच्या वेगळ्या तिकिटाचं विचारलंत. चालतं, पण मी तसं करू नका म्हणेन. कारणं सांगतो.

वेगळं तिकीट म्हणजे वेगळा पीएनआर. संभाजीनगरचं विमान तीन तास उशिरा आलं आणि न्यूयॉर्कचं सुटलं तर दोन्ही कंपन्या हात वर करतात. पहिल्याने तुम्हाला मुंबईला आणलं, त्याचं काम संपलं. दुसऱ्याच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. बहुतेक तिकिटांत पहिला टप्पा चुकला की पुढचे आणि परतीचे टप्पेही रद्द होतात, हे तर कितीजणांना ठाऊकच नसतं. एकाच पीएनआरमध्ये असेल तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची.

दुसरं सामान. अमेरिकेच्या तिकिटावर साधारण माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात (स्वस्त तिकिटांवर एकच, नीट वाचा). देशांतर्गत विमानात बहुतेकदा माणशी १५ किलो. दोघांच्या चार बॅगांचे ९२ किलो आणि इथे परवानगी ३० ची. उरलेल्या ६२ किलोचे पैसे चिकलठाण्यालाच भरा. शिवाय मुंबईत बॅगा सोडवून घ्या, टर्मिनल एक असेल तर बाहेरून गाडी करून टर्मिनल दोनला या, परत रांग.

तिसरं, विमानतळ कोणता ते बघा. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय. तिकिटावर नुसतं मुंबई वाचून भागत नाही. सहारचा, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाचा, संकेत बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. एकीकडे उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर मधे अख्खं शहर आणि खाडी आहे.

मग जायचं कसं? रात्री १.३० च्या विमानाला नांदेड-मुंबई वंदे भारत सोयीची पडते. संभाजीनगरला सकाळी आठच्या सुमारास मिळते, दुपारी मुंबईत. ठाण्याला किंवा दादरला उतरून टॅक्सीने टर्मिनल दोन. गाडीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, तो वार बघून तिकीट काढा. तोटा एकच, विमानतळावर नऊ-दहा तास आधी पोहोचता. आत लवकर सोडत नाहीत, म्हणून जवळ एखादी खोली घेऊन संध्याकाळी पाठ टेकता आली तर ज्येष्ठांना फार बरं पडतं. हे पैसे वाचवू नका.

गाडीने जायचं तर समृद्धी आहेच, जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुली. इगतपुरीपर्यंत घड्याळ लावून जाता येतं. समृद्धीवर वाचलेला वेळ आमण्यानंतर भिवंडी-ठाण्यात खर्च होतो. संध्याकाळी सहा ते नऊ तिथे अडकायचंच असं धरून चाला. दुपारी बाराला निघा म्हणजे वाटेत जेवून, थांबत सातपर्यंत पोहोचाल. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्यानंतरचं तिकीट असेल तर यावर दोन तास आणखी, कारण पहिल्या मोठ्या पावसात रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही एकदम तुंबतात.

आणि आता सगळ्यात जास्त विमानं ज्याने चुकतात ते. १५ जूनला रात्री १.३० चं विमान म्हणजे विमानतळावर १४ जूनच्या रात्री साडेनऊ-दहाला हजर. १५ ची वंदे भारत काढलीत तर विमान बारा तासांपूर्वी गेलेलं असेल. तिकीट हातात आलं की दिनदर्शिकेवर १४ तारखेच्या चौकटीत लिहा: आज रात्री. सामान घेण्याची खिडकी साधारण ६० मिनिटं आधी बंद होते आणि ती एकदा बंद झाली की विनवण्या चालत नाहीत.

घर ते घर हिशेब करा. १४ ला सकाळी साडेसातला घर सोडलं. १५ ला न्यूयॉर्कच्या सकाळी ७.३० ला उतरले, म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम दोन तास, एडिसनपर्यंत गाडीने दीड तास. आपल्या घड्याळात रात्रीचे साडेआठ. सदतीस तास. गाडीने दुपारी बाराला निघालात तर साडेबत्तीस. यात हवेतले फक्त साडेपंधरा आहेत, बाकी सगळं जमिनीवरचं.

एडिसनसाठी जेएफकेपेक्षा नेवार्क बघा, संकेत ईडब्ल्यूआर. तो न्यूजर्सीतच आहे. मुंबईपासूनचं अंतर जवळपास तेवढंच, पण बहिणीला न्यूयॉर्कची गर्दी आणि पूल ओलांडून यावं लागत नाही. त्यात एक तास सहज वाचतो.

नांदेडकर

वरचं सगळं संभाजीनगर-जालन्यासाठी ठीक आहे भाऊ, पण हे वाचायलेत त्यात नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर, धाराशिवचेही लोक असतील, म्हणून लिहायलाव. आपल्याकडच्यांनी मुंबईच्या आधी हैदराबाद बघावं. नांदेडहून शमशाबाद, म्हणजे हैदराबादचा विमानतळ, रस्त्याने पावणेतीनशे-तीनशे किमी, मुंबई सहाशेच्या घरात. लातूर-उदगीरकडूनही हैदराबाद जवळ पडतंय.

हवेतलं अंतर वाढतं, ते खरं. हैदराबाद-दोहा २,९१५, पुढे १०,७७०, मिळून १३,६८५. मुंबईमार्गे दोहापेक्षा सहाशे किमी जास्त, म्हणजे विमानात पाऊण तास. पण रस्त्यावरचे पाच-सहा तास वाचायलेत, आणि शमशाबाद शहराच्या बाहेर, बाह्यवळण रस्त्याला लागून असल्यानं शेवटच्या टप्प्यात कोंडी लागत नाही. फक्त हैदराबादहून थांब्याशिवाय अमेरिका शोधत बसू नका, दोहा, दुबई, अबूधाबी, लंडन, फ्रँकफर्ट असंच बघा.

अबूधाबीची एक वेगळी गोष्ट. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच, विमानात बसायच्या आधी होतंय. न्यूयॉर्कला उतरल्यावर मग देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर. ज्येष्ठांना हे फार सोयीचं, कारण चौदा तास बसून आल्यावर दोन तासांची रांग टळते. पण मधला थांबा तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका. सव्वा तासाचा थांबा स्वस्त दिसतो, त्यात चाकाच्या खुर्चीवर माणूस, सुरक्षा तपासणी, मग अमेरिकी अधिकाऱ्याची रांग. पुरत नाही.

पैठणगेट

सगळ्यांचे आभार, तारखेचं तर डोक्यातच आलं नव्हतं. एकाच पीएनआरवर, नेवार्कला जाणारं बघतो. वडिलांचं इन्सुलिन आणि आईचे गुडघे यासाठी सरळ विमान चांगलं की मधे थांबणारं? आणि इन्सुलिनच्या वेळा घड्याळ बदलल्यावर कशा धरायच्या?

औषधाची_पेटी

आधी सरळ की थांबणारं. विमानवेळ यांनी मधला थांबा सुचवलाय. माझं मत थोडं वेगळं आहे. दोघंच प्रवास करणार, इंग्रजीची सवय नसेल, तर सरळ विमान सुरक्षित. मोठ्या परदेशी विमानतळावर विमानाचं दार (गेट) शोधणं, बदललेलं दार पुन्हा शोधणं, हा ताण गुडघ्यांपेक्षा जास्त दमवतो. सोबत कोणी सवयीचं असेल तर थांबा जरूर घ्या. दोन्ही बाबतींत चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच मागा, नाहीतर किमान ४८ तास आधी कंपनीला फोन करून. ती मागितली की सोबत माणूस मिळतो, तो दारापर्यंत पोहोचवतो आणि रांगाही वेगळ्या मिळतात. आईला संकोच वाटला तरी मागाच.

जागा दोघांना वाटेकडच्या घ्या, खिडकीची नको. तास-दीड तासाने उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायचं, बसल्या जागी पायांचे पंजे वर-खाली करायचे. इतका वेळ पाय लोंबकळत राहिले की पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पायाला सूज, हृदयाचा त्रास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली. दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असल्यासारखा, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वरचा. तहान लागली नाही तरी पाणी घोट घोट प्यायचं.

इन्सुलिनचं आता, हे सावकाश वाचा. पश्चिमेला जाताना वडिलांचा तो दिवस साडेनऊ तासांनी लांबतो. येताना तेवढाच आखडतो. लांबलेल्या दिवसात जास्तीचं जेवण येतं आणि कधी जास्तीचा डोस लागतो. आखडलेल्या दिवसात दोन डोस जवळजवळ आले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. किती आणि केव्हा हे फक्त त्यांचे डॉक्टर ठरवतील, कारण ते इन्सुलिनच्या प्रकारावर अवलंबून आहे. त्यांच्याकडे जाताना तिकीट घेऊन जा आणि वेळापत्रक घड्याळाच्या वेळेत नाही, तर 'विमान सुटल्यापासून इतक्या तासांनी' असं कागदावर लिहून घ्या. प्रवासभर वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, एडिसनला पोहोचल्यावर बदला. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, त्यावर डोसची आठवण लावू नका.

इन्सुलिन, सुया, साखर तपासायचं यंत्र, सगळं हातातल्या पिशवीत. खालच्या सामानात टाकलं तर गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. बॅग हरवली तर प्रश्नच वेगळा. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधांची मूळ (जेनेरिक) नावं लिहिलेली, औषधं मूळ पाकिटांतच. अमेरिकेत जितके दिवस राहणार त्याहून थोडा जास्त साठा. मधुमेहींचं जेवण किमान २४ तास आधी नोंदवावं लागतं. तरी जेवण केव्हा येईल ते विमानात ठरतं, म्हणून जेवणासाठीचं इन्सुलिन ताट समोर आल्यावरच टोचायचं, आधी नाही. खिशात साखरेच्या गोळ्या किंवा ग्लुकोज हवंच.

विमानवेळ

सरळ की थांबा, यावर औषधाची पेटी यांचं पटलं. सोबत कोणी नसेल तर सरळच घ्या.

परतीचं राहिलं होतं. थांबून येणारं तिकीट काढलंत आणि भारतात पहिला थांबा मुंबई किंवा दिल्ली असून पुढे चिकलठाण्यापर्यंत एकच तिकीट असलं, तरी बॅगा त्या पहिल्या भारतीय विमानतळावर ताब्यात घ्याव्या लागतात. इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅगा, कस्टम, मग पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा. बॅगेच्या चिठ्ठीवर आयएक्सयू, म्हणजे संभाजीनगर, छापलेलं असलं तरीसुद्धा. कितीतरी लोक चिठ्ठी बघून सरळ पुढे जातात आणि बॅगा मुंबईलाच राहतात. यासाठी तीन तासांचा अवधी ठेवा.

मुंबईला सकाळी ११.३० ला उतरलात तर बाहेर पडायला एक वाजतो. वंदे भारत दुपारी निघून जाते, ती धरायचा प्रयत्न करू नका. संध्याकाळकडची नंदीग्राम किंवा रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, तिचंही आरक्षण आधीच करून ठेवा. ज्येष्ठांना रात्रीची देवगिरी बरी: दुपारी खोलीवर झोप, रात्री गाडी. तारीख मात्र इथेही जपा. न्यूयॉर्कहून दुपारी निघालेलं विमान मुंबईला दुसऱ्या दिवशी पोहोचतं, तेव्हा रेल्वेचं तिकीट विमान पोहोचण्याच्या तारखेचं हवं, सुटण्याच्या नाही. आणि न्यूयॉर्कहून रात्री दहा-अकराला सुटणारं सरळ विमान असेल तर ते मुंबईत दुसऱ्या दिवशी रात्री दहाच्या सुमाराला येतं. मग त्या रात्री मुंबईत मुक्काम आणि सकाळची तपोवन एक्स्प्रेस.